"सगळं हिरव्यात" एवढं पुरत नाही: छोट्या विमानाचं इंजिन आणि इंधन वाचायला शिकताना

रन-अपच्या वेळी, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन जोरात फिरवून तपासताना, शेजारी बसलेला विद्यार्थी एकेका घड्याळावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "सर, सगळं हिरव्यात." मी विचारतो, "ऑईल प्रेशर किती?" तो पुन्हा काचेकडे बघतो. "हिरव्यात आहे, सर."

सेसना १७२एसमध्ये ऑईल प्रेशरचा हिरवा पट्टा ५० ते ९० पीएसआय एवढा रुंद आहे. काल तेवढ्याच आरपीएमला आणि तेवढ्याच ऑईल टेंपरेचरला काटा ७८ वर होता, आज ५८ वर आहे. दोन्ही दिवशी उत्तर "हिरव्यात" हेच. पण एका रात्रीत वीस पीएसआय कुठे गेले, हे कुणी विचारलंच नाही. हा पट्टा कारखान्याने त्या जातीच्या सगळ्या इंजिनांसाठी आखलेला असतो. तुमच्या समोरच्या इंजिनाची तब्येत आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहिला तरच कळते. त्यासाठी कालचा आकडा कुठेतरी लिहिलेला हवा.

बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी शिकायला आलेल्या आणि सोलोच्या (पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या) आसपास पोचलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. आकडे सेसना १७२एसचे, म्हणजे लायकॉमिंग आयओ-३६०-एल२ए या चार सिलिंडरच्या, १८० हॉर्सपॉवरच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे त्याच्या पीओएचमधून (विमानाच्या अधिकृत पुस्तिकेतून) घ्या. पद्धत तीच राहते.

१. आधी वही

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक विमानासाठी वेगळी पानं ठेवा, कारण एकाच मॉडेलची दोन विमानंसुद्धा सारखी वागत नाहीत. रकाने असे आखा: तारीख, टॅकचा (इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या तासांच्या घड्याळाचा) आकडा, बाहेरचं तापमान, उंची, आरपीएम, ऑईल प्रेशर, ऑईल टेंपरेचर, चारही सिलिंडरचे सीएचटी (सिलिंडरच्या डोक्याचं तापमान), चारही ईजीटी (एक्झॉस्टच्या वायूचं तापमान), फ्युएल फ्लो आणि शेवटी एक मोठा रकाना "काय जाणवलं" याचा.

नोंद नेहमी एकाच अवस्थेत घ्या. मी लेव्हल झाल्यावर, म्हणजे चढण संपून विमान सपाट उडू लागल्यावर, दहा मिनिटांनी, ठरलेल्या आरपीएमला आणि लीन करून (हवेच्या मानाने इंधन कमी करून) झाल्यावर घेतो. चढतानाचा आकडा एका दिवशी आणि क्रूझचा दुसऱ्या दिवशी लिहिला, तर ताडायला हातात काहीच उरत नाही. ऋतूचंही भान ठेवा. मे महिन्यातला सीएचटी जानेवारीतल्या सीएचटीपेक्षा जास्त असणारच, म्हणून बाहेरच्या तापमानाचा रकाना चुकवू नका.

२. स्टार्टच्या आधी: तेल, इंधन, पाणी

तेल डिपस्टिकने बघा. १७२एसच्या संपमध्ये ८ क्वार्ट तेल मावतं आणि ५ क्वार्टच्या खाली उड्डाण करायचं नाही. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर थोडं थांबा, तेल वरून खाली उतरायला वेळ लागतो, नाहीतर डिपस्टिक कमी दाखवते आणि आपण उगाच ओततो. काठोकाठ भरायची हौसही नको. वरचं तेल ब्रीदर पाइपातून बाहेर फेकलं जातं आणि विमानाचं पोट काळं होतं. शिवाय "हे विमान फार तेल खातं" असा चुकीचा ग्रह होऊन बसतो.

किती ओतलं आणि कुठल्या टॅकला, हे वहीत आलंच पाहिजे. साधारण सहा ते दहा तासांना एक क्वार्ट लागत असेल तर काळजी नाही. आठ तासांना लागणारा क्वार्ट महिन्याभरात चार तासांवर आला, तर तो अजून लायकॉमिंगच्या मर्यादेत असेलही, पण एएमईंना (देखभाल करणाऱ्या इंजिनिअरना) सांगा. रिंग, व्हॉल्व्ह गाइड नाहीतर एखादी गळती, यांपैकी काहीतरी सुरू झालेलं असतं.

मग इंधन. आपल्याकडची ही विमानं ॲव्हगॅस १०० एलएलवर चालतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑईलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं देशी १०० एलएल आणलं. तोवर ते बाहेरून येत असे. त्याचा रंग निळा. १७२एसला तळाचं इंधन काढून बघायचे तेरा ड्रेन आहेत: प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. तेराच्या तेरा काढा. पावसाळ्यात तर विद्यार्थ्याने दहा काढून "बाकीचे ठीक असतील, सर" म्हटलं की मी त्याला परत पाठवतो.

सँपलरमध्ये पाणी तळाशी बसतं आणि वरच्या निळ्याशी त्याची रेघ स्पष्ट दिसते. फसगत होते ती सगळाच नमुना पाण्याचा असतो तेव्हा. रेघ कुठेच नसते आणि डोळ्यांना "स्वच्छ" दिसतं. म्हणून नुसती रेघ शोधू नका. पांढऱ्या कागदासमोर धरून रंग निळा आहे ना ते बघा आणि वास घ्या. पाणी निघालं तर पंख हलवा, थोडं थांबा, पुन्हा काढा, आणि निव्वळ निळं येईपर्यंत काढत राहा.

जेट ए-१ ची, म्हणजे जेट विमानांच्या इंधनाची, भीती मनात असू द्या. डायमंड डीए४० चंच बघा. एका प्रकारात लायकॉमिंग, म्हणजे ॲव्हगॅस, आणि दुसऱ्यात ऑस्ट्रोचं डिझेल इंजिन, म्हणजे जेट ए-१. चेहरा तोच. पेट्रोल इंजिनात जेट ए-१ गेलं तर इंजिन जमिनीवर बरं चालल्यासारखं वाटू शकतं आणि टेक-ऑफच्या पूर्ण पॉवरला डिटोनेशन होऊन (इंधन नीट न जळता स्फोटासारखं पेटून) फुटतं. शंका आली तर कागदावर थेंब टाका. ॲव्हगॅस उडून जातं, जेट ए-१ चा तेलकट डाग राहतो. बाउझर (इंधनाचा टँकर) आलं की टाकीच्या तोंडाशी स्वतः उभे राहा.

शेवटी पंखांवर चढून डिपस्टिक घाला. गेजवर विसंबू नका. टाकीतला तरंगणारा फ्लोट विमान तिरकं झालं, हललं की आकडा बदलतो. डिपस्टिक त्याच विमानाची हवी आणि विमान सपाट जागी उभं हवं. झाकण परत लावताना त्याचं रबर चिरलंय का बघा. पंखावरचं झाकण नीट बसलं नाही तर हवेच्या ओढीने इंधन उडत राहतं आणि ते आत बसून दिसत नाही. पंखाखाली किंवा काउलिंगवर वाळलेला निळा डाग दिसला, तर गळती तिथेच आहे.

३. स्टार्ट आणि रन-अप

इंजिन लागलं की पहिली नजर ऑईल प्रेशरवर. तीस सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन बंद. "जरा बघू" असं म्हणायचं नाही.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, हवा-इंधनाचं मिक्श्चर लीन ठेवा. १०० एलएलमधल्या शिशाचे गोळे स्पार्क प्लगवर बसतात ते मुख्यतः जमिनीवर, थंड इंजिन रिच (जास्त इंधनावर) चालवत उभं राहिल्याने. टॅक्सीला इतकं लीन करा, की चुकून तसंच टेक-ऑफला थ्रॉटल पुढे ढकललं तर इंजिन अडखळावं. अर्धवट लीन जास्त घातक, कारण ते विसरलं तरी इंजिन खेचतं आणि तापतं.

रन-अप १८०० आरपीएमला. एका मॅग्नेटोवर (प्लगना ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकावर) आरपीएम १५० पेक्षा जास्त पडू नये आणि दोन्ही बाजूंतला फरक ५० पेक्षा जास्त नको. हे सगळ्यांना पाठ असतं. पण आरपीएम अजिबात पडलाच नाही तर पुष्कळ जण खूश होतात. ते चूक आहे. मॅग्नेटो खरं तर बंदच झाला नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. तार तुटलेली असते आणि की काढल्यावरही तो मॅग्नेटो जिवंत राहतो. अशा विमानाचा प्रोपेलर हाताने फिरवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. लगेच स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहा.

जी१००० (सगळे आकडे पडद्यावर दाखवणारं पॅनेल) असेल तर मॅग्नेटो बदलताना चारही ईजीटींच्या पट्ट्या बघा. एका मॅग्नेटोवर एकच पट्टी कोसळली तर त्या सिलिंडरचा त्या बाजूचा प्लग गेलाय. पूर्वी मेकॅनिकला आठही प्लग काढावे लागत, आता तुम्ही त्याला "दोन नंबर, उजवा मॅग्नेटो" एवढं सांगू शकता. शिसं बसलं असेल तर थोडा आरपीएम वाढवून, लीन करून काही सेकंद चालवलं की बऱ्याचदा ते जळून जातं. मात्र गेलं तरी वहीत लिहायचं.

४. चढताना

हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी चढण हा सगळ्यात कष्टाचा काळ. पॉवर पूर्ण, वेग कमी, नाक वर. लायकॉमिंगची सीएचटीची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरेनहाइट आहे, पण इंजिन दीर्घकाळ टिकावं म्हणून तेच ४३५ च्या खाली ठेवायला सांगतात. मी ४०० च्या आसपास पोचलं की नाक खाली घेतो. सगळ्यात झपाट्याने चढायच्या ७४ नॉट्सला चिकटून न राहता ८० ते ८५ ठेवले तर चढण थोडी लांबते, पण सिलिंडरांवरून हवा खेळते.

विदर्भात उन्हाळ्यात हे फार जाणवतं. नागपूरची उंची १,०३३ फूट. पण ४४ अंश सेल्सियसला हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण पावणेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. पॉवर कमी, थंडावा कमी, धावपट्टी जास्त. अशा दिवशी चारही सीएचटींचे आकडे दर हजार फुटांना मोठ्याने वाचा.

५. लेव्हल झाल्यावर: लीन करणं

नवशिक्यांना मिक्श्चर ओढायची भीती वाटते आणि "रिच ठेवलं की इंजिन सुरक्षित" हा समज पक्का बसलेला असतो. पॉवर ७५ टक्क्यांच्या आत असेल तर नियमाने लीन करणं हेच इंजिनाच्या भल्याचं. जास्तीचं इंधन नुसतं खर्च होत नाही, प्लग आणि व्हॉल्व्हवर थर चढवतं.

लेव्हल व्हा, वेग स्थिर होऊ द्या. मिक्श्चर हळूहळू, फिरवत फिरवत मागे घ्या. ईजीटी चढत जाईल, एका टोकाला पोचेल आणि मग उतरू लागेल. ते टोक म्हणजे पीक. १७२एसचं पीओएच पीकपासून रिचच्या बाजूला ५० अंश फॅरेनहाइट ठेवायला सांगतं. जो सिलिंडर सगळ्यात आधी पीकला पोचतो त्याच्यावर नजर ठेवायची. पॉवर वाढवण्याआधी मिक्श्चर पुन्हा पुढे. उतरतानाही थोडं थोडं पुढे घेत राहायचं.

ईजीटीचा नुसता आकडा फारसा काही सांगत नाही, कारण तो प्रोब एक्झॉस्टमध्ये किती अंतरावर बसवलाय त्यावर अवलंबून असतो. पीकपासून किती दूर आहोत आणि हा सिलिंडर नेहमीपेक्षा वेगळा वागतोय का, हे महत्त्वाचं. ईजीटी आणि सीएचटी जोडीने वाचायची सवय लावा. एका सिलिंडरचा ईजीटी वाढला आणि सीएचटी जरासा उतरला, तर त्याचा एक प्लग बंद पडलेला असू शकतो. ईजीटी आणि सीएचटी दोन्ही वाढले, तर इंजेक्टरच्या तोंडात कचरा अडकून तो सिलिंडर उपाशी असेल. आणि ईजीटी उतरतोय पण सीएचटी झपाट्याने वर चाललाय, तर थांबू नका. डिटोनेशन किंवा प्री-इग्निशन (ठिणगीच्या आधीच पेटणं) असू शकतं. पॉवर कमी, मिक्श्चर रिच, आणि जवळचं विमानतळ गाठा.

ऑईल प्रेशर उतरतंय आणि ऑईल टेंपरेचर चढतंय, अशी जोडी दिसली तर तेल खरोखर जातंय असंच धरा. प्रेशर पडलं पण टेंपरेचर जागच्या जागी आहे, तर सेन्सर खराब असू शकतो. तरीही तपास जमिनीवर उतरूनच करायचा.

कार्बुरेटरच्या जुन्या १७२ किंवा १५२ वर शिकत असाल तर कार्ब आइस, म्हणजे कार्बुरेटरमध्ये जमणारं बर्फ, विसरू नका. "आपल्याकडे कसलं बर्फ" असं सगळे म्हणतात. २१ अंशांच्या खाली आणि दमट हवेत ते सगळ्यात जास्त होतं खरं, पण ३८ अंशांपर्यंतही होऊ शकतं. कोकणच्या बाजूने पावसाळी हवेत उडताना कमी पॉवरला आरपीएम आपोआप उतरू लागला, की कार्ब हीट पूर्ण ओढा. आधी इंजिन अडखळेल, मग वितळलेलं पाणी गिळून सुधारेल. अडखळलं म्हणून घाबरून हीट परत आत ढकलू नका.

६. इंधनाचा हिशेब

हा भाग सगळ्यात सावकाश वाचा.

आधी एकक ठरवा. पीओएच अमेरिकन गॅलनमध्ये, बाउझर लिटरमध्ये, वजनाचा तक्ता पौंडात किंवा किलोत. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, एक लिटर ॲव्हगॅस म्हणजे ०.७२ किलो. १७२एसच्या टाक्यांत ५६ गॅलन मावतात, वापरता येतात ५३, म्हणजे साधारण २०० लिटर. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चे फ्युएल गेज बंद होते, म्हणून हिशेब हाताने केला. लिटरचं वजन काढताना ०.८ च्या जागी १.७७ वापरलं, म्हणजे किलोऐवजी पौंड. २२,३०० किलो हवे होते, टाकीत होते २२,३०० पौंड. दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली आणि वैमानिकांनी ते अवाढव्य विमान ग्लाइड करत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. माणसं वाचली. चूक फक्त एका गुणाकाराची होती. म्हणून सबंध हिशेब एकाच एककात करा. मी लिटरमध्ये करतो, कारण बाउझरवाला लिटरच बोलतो.

समजा २३० नॉटिकल मैल जायचंय. वारा नाही, वेग ११५ नॉट्स, म्हणजे दोन तास. लीन केल्यावर ताशी साडेनऊ गॅलन, म्हणजे ३६ लिटर. क्रूझचे ७२. स्टार्ट, टॅक्सी, टेक-ऑफचे ५. चढणीचे जादा ६. दुसऱ्या विमानतळाकडे वळायची वेळ आली तर अर्ध्या तासाचे १८. शेवटचा राखीव साठा आंतरराष्ट्रीय नियमाने दिवसा व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी बघत करायच्या उड्डाणाला) ३० मिनिटांचा आणि रात्री ४५ मिनिटांचा लागतो. मी विद्यार्थ्यांना पूर्ण तासाचा ठेवायला लावतो, म्हणजे ३६. एकूण १३७ लिटर.

आता निघाल्यावर समोरून वीस नॉट्सचा वारा लागला. जमिनीवरचा वेग ९५, वेळ दोन तास पंचवीस मिनिटं, इंधन १५ लिटर जास्त. आणि लीन करायचं राहून गेलं, तर ताशी आठ-दहा लिटर सहज जास्त जातं, म्हणजे आणखी बावीस. बेरीज ३७. तासाभराचा सगळा राखीव साठा संपला आणि इंजिनात काहीही बिघडलेलं नव्हतं. पहिल्या लांब क्रॉस-कंट्रीच्या आधी हे गणित मी फळ्यावर सोडवून घेतो.

हवेत दर अर्ध्या तासाला नीबोर्डवर तीन गोष्टी लिहा: वेळ, हिशेबाने उरलेलं इंधन, गेजवरचं इंधन. दोन्हींत फरक पडला तर कमी आकडा खरा माना. टोटलायझर (वापरलेलं इंधन मोजणारं यंत्र) असेल तर तो खूप कामाचा, पण सुरुवातीला तुम्ही भरलेल्या आकड्यातूनच तो वजा करत जातो. टाकीत दीडशे असताना दोनशे सांगितलेत, तर तो शेवटपर्यंत पन्नास लिटर खोटे दाखवत राहील. आणि झाकणातून उडालेलं इंधन त्याच्या मोजणीत येतच नाही.

७. उतरल्यावर

पुन्हा डिप करा, किंवा बाउझर येईपर्यंत थांबा. एक तास वीस मिनिटं उडलात, हिशेबाने, स्टार्ट-टॅक्सीचे ५ धरून, ५३ लिटर लागायला हवेत. पूर्वीच्याच खुणेपर्यंत भरायला ५४ लागले, तर तुमचा हिशेब आणि इंजिन दोन्ही ठीक. ६२ लागले तर कारण शोधा: लीन नीट झालं नाही, गळती आहे, की विमानाची भूक वाढलीय? तास कुठल्या घड्याळाचे धरलेत तेही बघा. टॅकचा तास क्रूझच्या आरपीएमलाच पूर्ण तासाएवढा धावतो, टॅक्सीत आणि सर्किटमध्ये मागे पडतो. हॉब्स नेहमीच्या घड्याळासारखा चालतो. एकदा टॅक, एकदा हॉब्स असं धरलं की ताशी खपाचा आकडा निरर्थक होतो.

८. पन्नास तासांनी हँगरमध्ये जा

फिल्टर असलेल्या इंजिनाचं तेल दर पन्नास तासांनी किंवा चार महिन्यांनी बदलतात. त्या दिवशी एएमईंची परवानगी घेऊन बाजूला उभे राहा. फिल्टर कापून त्यातल्या कागदाच्या घड्या उलगडतात आणि त्यावर चुंबक फिरवतात. चुंबकाला चिकटलेली चकाकी म्हणजे लोखंड. तेलाचा नमुना तपासणीला गेला तर अहवालात सिलिकॉनचा आकडा बघा. तो वाढला तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय.

जुलै-ऑगस्टमध्ये विमान आठवडेच्या आठवडे उभं राहतं, तेव्हा इंजिन आतून गंजतं. लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, त्यावरचं तेल ओघळून जातं आणि दमट हवा काम करते. पाच मिनिटं जमिनीवर चालवून ठेवल्याने उलट आतला ओलावा वाढतो. तेल ७४ ते ९३ अंश सेल्सियसला पोचून सलग तासभर उड्डाण, तेही महिन्यातून एकदा तरी, हवंच. हवामान साथ देत नसेल तर इंजिन रीतसर प्रिझर्व्ह करायला सांगा.

९. स्नॅग लिहिताना

"इंजिन रफ" असं लिहून मेकॅनिकच्या हाती काही लागत नाही. तो सुरू करतो, इंजिन गोड चालतं, तो "तपासलं, ठीक" लिहितो. कधी, किती वेळ, कुठल्या आरपीएमला, कुठला सिलिंडर, हे लिहा.

साताऱ्याकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती. तिच्या वहीत लागोपाठ तीन सकाळी एकच ओळ होती: "पहिला स्टार्ट. ३ नं. चा ईजीटी उशिरा चढतो. दीड मिनिट थरथर, मग नॉर्मल. दुसऱ्या सॉर्टीला नाही." त्या विमानावर आधी आणखी दोघांनी थरथर पाहिली होती, पण इंजिन गरम झाल्यावर ती जायची म्हणून लिहिली नव्हती. रन-अपला सगळं हिरव्यात येत होतं. एएमईंनी तिची वही वाचली आणि दुसरं काही न तपासता सरळ तीन नंबरचा रॉकर कव्हर उघडला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये जळक्या थरामुळे अडकत होती. थंड असताना चिकटायची, गरम झाल्यावर सुटायची. अशी दांडी एखाद्या दिवशी पूर्ण अडकते, पुशरॉड वाकतो आणि मग उरतात तीन सिलिंडर. त्यांनी गाइड रीमरने साफ केला, तिला बोलावून तो काळा चुरा बोटावर दाखवला.

पुढच्या सकाळी तिने लिहिलं: "पहिला स्टार्ट. चारही ईजीटी एकदम चढले. थरथर नाही. ऑईल प्रेशर ७६."